ओळखीचा कागद

आजवर तुम्ही किती अर्ज भरले असतील, याचा कधी हिशेब मांडला आहे का? शाळेचा, नोकरीचा, गॅसजोडणीचा, शिधापत्रिकेचा, कर्जाचा. आणि या वयात पुन्हा शिकायला बसलात तेव्हा प्रवेशाचा. अर्जाला आपण लेखन मानत नाही. चौकटी आखलेल्या असतात, त्यांत अक्षरे बसवायची आणि खाली सही करायची. तरीही बहुतेक माणसे स्वतःविषयी जे काही लिहितात ते अर्जातच लिहितात. आत्मचरित्र लिहिणारे थोडे. अर्ज कोणालाच चुकलेला नाही. त्यातही एक अर्ज असा आहे, की तो भरताना आपले नाव, आपला जन्म, आपले आईवडील, आपले घर आणि आपल्याला ओळखणारी माणसे या साऱ्यांचा ताळा एकदम जुळवावा लागतो. तो पासपोर्टचा, सरकारी मराठीत पारपत्राचा, अर्ज होय. त्या एका अर्जाविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे.

मी राहते चिंचवडला. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि पलीकडे चाकण हा पट्टा तुमच्यापैकी अनेकांना कामाच्या निमित्ताने ठाऊक असेल. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी आली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, माळरानावर आखीव भूखंड पडले आणि मोटारींचे, स्कूटरींचे, सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. १९८२ मध्ये येथे महानगरपालिका झाली. चाकण हे गाव मात्र दीर्घकाळ कांद्याच्या बाजारासाठी आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये लढवलेल्या संग्रामदुर्गासाठीच ओळखले जाई. पुढे कारखाने तेथेही गेले, आणि २००९ मध्ये एका जर्मन कंपनीच्या मोटारी तेथे तयार होऊ लागल्या. या पट्ट्यात पासपोर्ट आला तो कामाच्या मागोमाग. नवे यंत्र शिकायला कोणी जर्मनीला गेला, कोणी जपानला. कोणी वेल्डिंगचे काम शोधत आखातात गेला. केवळ चार दिवस हिंडून येण्यासाठी पासपोर्ट काढायचा, ही कल्पना आमच्या गल्लीत अलीकडची.

आमच्या घरात ती २०१९ मध्ये आली. माझ्या यजमानांना चाकणच्या कारखान्यात पंचवीस वर्षे पूर्ण होत होती. दिवाळीच्या सुट्टीत सर्वांनी मिळून पाच दिवस दुबईला जायचे, असे मुलाने ठरवले. यजमानांचा पासपोर्ट होता. कंपनीने त्यांना एकदा कोरियाला पाठवले होते. माझा, मुलाचा, धाकट्या दिरांचा आणि सासूबाईंचा असे चार काढायचे होते. सासूबाई तेव्हा पासष्टीच्या होत्या. त्यांचा तोवरचा सर्वांत लांबचा प्रवास आळंदी ते पंढरपूर, तोही पायी.

हा अर्ज आता संगणकावर भरतात. मे महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी मुलगा घेऊन बसला. त्याचा आणि माझा अर्ज अर्ध्या तासात झाला. आजीचा अर्ज उघडला तेव्हा मात्र तो पहिल्याच पानावर थांबला. तेथे दोन प्रश्न असतात. आपण अन्य कोणत्या नावाने ओळखले जाता काय? आपण कधी नाव बदलले आहे काय? उत्तर द्यायचे ते 'होय' किंवा 'नाही' असे.

"आजी, तुझं नाव कधी बदललंय का गं?" त्याने सहज विचारले.

सासूबाई लसूण सोलत होत्या. हातातली पाकळी खाली न ठेवताच त्या म्हणाल्या, "बदललंय की. लग्नात."

महाराष्ट्रात यात नवल नाही. लग्नात ताटभर तांदळावर अंगठीने वधूचे नवे नाव लिहायचे, ही रीत तुम्हीही पाहिली असेल. ते तांदूळ दुसऱ्या दिवशी डब्यात जातात; नाव मात्र जन्मभर राहते. सासूबाईंचे माहेरचे नाव एका नदीचे होते आणि सासरचे नाव देवीचे. ती दोन्ही नावे मी येथे लिहीत नाही. ती त्यांची आहेत. नदीच्या नावाने त्यांना हाक मारणारे आता त्यांचे एक थोरले बंधूच तेवढे उरले होते. आमच्या घरातील कपाटात तर त्या नावाचा एकच कागद निघाला. वडिलांच्या मागे जमिनीवरचा हक्क भावाच्या नावे सोडून दिल्याचे ते हक्कसोडपत्र होते. त्यावर दोन्ही नावे शेजारी शेजारी होती आणि मध्ये 'ऊर्फ' हा शब्द होता. शिधापत्रिका, मतदार ओळखपत्र, आधार, बँकेचे पुस्तक या साऱ्यांवर देवीचे नाव. तेही कोठे 'बाई' लावून, कोठे न लावता, इंग्रजी अक्षरांत तर तीन तऱ्हांनी. जन्मतारखेच्या जागी आधारवर फक्त वर्ष होते.

यापुढे दोन वाटा होत्या, आणि त्या समजण्यासाठी नियम थोडा पाहावा लागतो. २३ डिसेंबर २०१६ रोजी परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टचे नियम बरेच सैल केले. त्याआधी २६ जानेवारी १९८९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्माचा दाखलाच द्यावा लागे. आता शाळेचा दाखला, पॅन कार्ड, आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र, विमा पॉलिसी यांपैकी जन्मतारीख असलेला कोणताही एक कागद पुरेसा झाला. विवाहाचा दाखला जोडण्याची सक्ती गेली. आई किंवा वडील यांपैकी एकाचेच नाव दिले तरी चालू लागले. त्यामुळे आमच्यासाठी सोपी वाट अशी होती, की आधारवर जन्मतारीख पूर्ण करून घ्यायची आणि नावबदलाच्या प्रश्नापुढे 'नाही' म्हणायचे. अर्ज छापून देणाऱ्या दुकानदाराने तेच सुचवले. "काकू, 'नाही' करून टाका. पन्नास वर्षांपूर्वीचं कोण बघायला येतंय?"

घरी येऊन मी सासूबाईंना तसे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बदललेलं नाही, असं कसं लिहायचं? सोळा वर्षं त्याच नावानं हाका मारल्या मला. खाली सही करायची ना, सगळं खरं हाय म्हणून?"

"करायची, आत्या."

"मग होय लिही."

त्या एका 'होय'मुळे दोन कागद वाढले. माहेरच्या नावाचा शाळेचा दाखला काढायचा, आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करायचे. त्यालाच लोक 'गॅझेट करणे' म्हणतात. राजपत्रात नावबदलाच्या जाहिराती ओळीने छापलेल्या असतात: जुने नाव, नवे नाव, पत्ता. कधी हाती आले तर ती पाने जरूर वाचा. त्यांत लग्न झालेल्या स्त्रिया फार भेटतात.

सासूबाईंचे माहेर भीमाशंकरच्या वाटेवरचे. जूनमध्ये शाळा उघडल्यावर आम्ही तेथे गेलो; मामा, म्हणजे त्यांचे बंधू, फाटकापाशीच उभे होते. जिल्हा परिषदेच्या त्या शाळेत मुख्याध्यापिका तरुण होत्या. त्यांनी कपाटातून कापडी बांधणीचे जनरल रजिस्टर काढले. जुन्या शाळांतील ही रजिस्टरे तुम्ही पाहिली नसतील, तर सांगते: एका विद्यार्थ्याला एक ओळ. अनुक्रमांक, पूर्ण नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख आणि शेवटी शाळा सोडण्याचे कारण. १९६० सालच्या पानावर निळ्याकाळ्या शाईत ती ओळ सापडली. सासूबाईंनी पदर सावरून तिच्यावर बोट ठेवले आणि आपले नाव वाचले: नदीचे नाव, मग वडिलांचे, मग आडनाव. मी ते पूर्ण नाव त्या दिवशी प्रथम ऐकले.

जन्मतारीख होती १ जून १९५४. तुमच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या जन्मतारखा एकदा तपासून पाहा. त्यांत १ जून बहुधा सापडेल. मुलाला शाळेत घालताना आईबापांना तारीख सांगता येत नसे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होई. गुरुजी मुलाकडे पाहून वय ठरवत आणि १ जून मांडून टाकत. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्या काळी बाळंतपणे घरी होत, आणि नोंदीपेक्षा आठवण पक्की मानली जाई. आपण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जन्मलो, असे सासूबाई आईकडून ऐकत आल्या होत्या. त्या भागात पोळा भाद्रपदी अमावास्येला असतो. म्हणजे खरा जन्म पावसाळ्याच्या अखेरीचा आणि कागदावरचा पावसाळ्याच्या तोंडाशी. पासपोर्टला कागदावरचाच चालतो.

त्या ओळीत 'प्रगती' या रकान्यात 'चांगली' असे होते, 'वर्तणूक' या रकान्यातही 'चांगली' असेच होते. चौथी झाल्यावर शाळा सुटली होती. कारण: घरकाम.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आजी, प्रगती चांगली होती की. मग का सोडली?"

"धाकटा भाऊ झाला. त्याला घ्यायला कोणी नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. मामा खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांची शाळा सुटली नव्हती. ते सातवीपर्यंत शिकले होते.

हा शेवटचा रकाना तुमच्यापैकी काहींच्या दाखल्यावरही असेल. घरकाम, शेतीकाम, सतत गैरहजर, पालकांच्या इच्छेवरून. एका शब्दात गुरुजींनी जे लिहून टाकले, ते तुम्ही पुढे किती वर्षे वाहिले हे तुम्हालाच ठाऊक. पुन्हा पुस्तक हाती घेतलेल्या माणसाला त्या रकान्याचा अर्थ इतरांपेक्षा अधिक कळतो, म्हणून मी तो येथे सांगितला.

गावाहून परतताना मला आनंदीबाई जोशी आठवत होत्या. १८८३ मध्ये, अठराव्या वर्षी, त्या कोलकात्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या, हे तुम्ही वाचलेच आहे. त्यांचेही माहेरचे नाव नदीचे होते: यमुना. लग्नात आनंदी हे नाव मिळाले, आणि पुढे इतिहासात राहिले ते तेच. त्या काळी अशा प्रवासाला पारपत्राची सक्ती नव्हती. त्याआधी मराठेशाहीत दस्तके होती, म्हणजे वाटेवर अडवू नये म्हणून दिलेले परवाने. पण हिंदुस्थानात पारपत्राचा स्वतंत्र कायदा झाला तो पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये. आनंदीबाईंपुढे उभा होता तो समाज. समुद्र ओलांडणे पाप मानणाऱ्या लोकांपुढे त्यांना आपण का जातो हे जाहीर भाषणात सांगावे लागले. सासूबाईंच्या दुबईला जाण्याला कोणाची हरकत नव्हती. त्यांना जाब विचारला तो फक्त कागदाने, आणि तो असा, की तुम्ही कोण होता आणि आता कोण आहात.

असा जाब विचारण्याचा अधिकार सरकारला असावा का, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. त्याचे उत्तर आपल्या न्यायालयांनी दिले आहे. स्वातंत्र्यानंतर वीस वर्षे पासपोर्ट देणे न देणे हे पूर्णपणे सरकारच्या मर्जीवर होते. तो कोणाला नाकारावा याविषयी कायदाच नव्हता. १० एप्रिल १९६७ रोजी सतवंतसिंग साहनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला, की परदेशी जाण्याचा हक्क हा संविधानाच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे आणि कायद्याच्या आधाराशिवाय तो हिरावता येणार नाही. त्यानंतर त्याच वर्षी जूनमध्ये पारपत्र अधिनियम झाला. १९७८ मध्ये मनेका गांधी यांच्या खटल्यात न्यायालय आणखी पुढे गेले: केवळ कायदा असून भागणार नाही, त्यातील कार्यपद्धतीही न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे. ही नावे परीक्षेपुरती लक्षात ठेवू नका. त्यांचा अर्थ असा, की खिडकीपाशी उभे राहणारा माणूस तेथे मेहेरबानी मागायला आलेला नसतो.

ऑगस्टमध्ये आम्हाला मुंढव्याच्या पारपत्र सेवा केंद्रातील वेळ मिळाली. २०१७ पासून टपाल कार्यालयांतही अशी केंद्रे निघाली. म्हैसूर आणि गुजरातेतील दाहोद ही पहिली दोन, आणि पुढे पिंपरीच्या टपाल कार्यालयातही एक आले. साध्या पासपोर्टचे शुल्क १,५०० रुपये; साठीपुढच्यांना पहिल्या पासपोर्टसाठी दहा टक्के सवलत, म्हणून सासूबाईंचे १,३५० रुपये. केंद्रात अ, ब, क अशा तीन टप्प्यांतून जावे लागते. पहिल्या खिडकीवर छायाचित्र आणि बोटांचे ठसे घेतात, दुसरीवर कागद तपासतात, तिसरीवर निर्णय होतो. भिंतीवरच्या पडद्यावर टोकन क्रमांक लागतो आणि माणसे उठतात.

सासूबाईंच्या बोटांचे ठसे यंत्राला लवकर सापडेनात. पन्नास वर्षे कांदा लावलेल्या आणि काढलेल्या त्या बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. समोरच्या मुलीने त्यांचे बोट आपल्या हातात धरून, पुसून, पुन्हा पुन्हा टेकवले. चौथ्या खेपेला ठसा उमटला. ओळखीची खूण या प्रश्नापुढे आम्ही लिहिले होते, डाव्या हातावर गोंदण. ते तुळशीवृंदावन त्यांनी लहानपणी जत्रेत गोंदवून घेतले होते. मेल्यावर बरोबर येते ते गोंदणच, असे आपल्याकडच्या बायका म्हणतात. नाव बदलले, गाव बदलले, बोटांच्या रेषाही गेल्या. ती हिरवी खूण होती तशी राहिली होती.

दुसऱ्या खिडकीवरच्या अधिकाऱ्यांनी शाळेचा दाखला पाहिला, राजपत्राची प्रत पाहिली, मग आधार पाहिले. "ही दोन्ही नावे तुमचीच ना, आजी?" त्यांनी विचारले. सासूबाई म्हणाल्या, "दोन्ही माझीच." अधिकाऱ्यांनी शिक्का मारला.

यानंतर पोलीस पडताळणी. अर्जात आपल्याला ओळखणाऱ्या दोन माणसांची नावे द्यावी लागतात. गावी हा प्रश्न कोणाला पडला नसता. तेथे सारा गाव साक्षीला असतो. आमच्या इमारतीत मात्र एक बिऱ्हाड लातूरचे, एक जळगावचे, एक वाशीमचे आणि एक थेट बिहारचे आहे. पिंपरी-चिंचवड हे आलेल्यांचे शहर आहे, आणि येथे कोणीच कोणाच्या आजोबांना पाहिलेले नाही. आम्ही समोरच्या लातूरच्या काकू आणि वरच्या मजल्यावरचे निवृत्त फोरमन यांची नावे दिली. पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले होते; तेथून आलेल्या हवालदारांनी काकूंना विचारले, "आजींना किती वर्षं ओळखता?" काकू म्हणाल्या, "पाण्याची बारी लावायच्या दिवसांपासून." हवालदारांनी वहीत लिहिले, अकरा वर्षे. ओळख या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे: आपण कोण ते, आणि आपल्याला कोण जाणतो ते. पासपोर्टच्या अर्जाला दोन्ही लागतात, आणि दुसऱ्यावाचून पहिल्याला आधार नसतो.

दिरांचे कागद सर्वांत सरळ होते, तरी त्यांच्या पासपोर्टवर तीन शब्दांचा एक शेरा उमटून आला. इंग्रजीत त्याची आद्याक्षरे ईसीआर. परदेशी कामाला जाणाऱ्यांविषयीच्या १९८३ च्या कायद्यानुसार, दहावी उत्तीर्ण नसलेला माणूस आखाती देशांसह ठरावीक अठरा देशांत नोकरीसाठी निघाला, तर त्याने आधी सरकारकडून तपासणी करून घ्यावी, असा त्याचा अर्थ. कमी शिकलेल्या कामगाराला दलालाने फसवू नये, हा त्यामागचा हेतू आहे आणि तो चांगला आहे. पन्नाशीपुढच्यांना हा शेरा लागत नाही, म्हणून चौथी शिकलेल्या सासूबाईंच्या पासपोर्टवर तो नव्हता. भोसरीत वीस वर्षे लेथ चालवणाऱ्या, एकेचाळीस वर्षांच्या दिरांच्या पासपोर्टवर होता. सहलीला जाण्यात त्याने अडचण येत नाही, परतीचे तिकीट असले म्हणजे झाले. तरी भाऊजींनी ते पान दोनदा उलटून पाहिले. "गणितात सात मार्क कमी पडले होते वहिनी, चोवीस वर्षांपूर्वी," ते म्हणाले, "अजून पाठ सोडत नाहीत." पुढच्याच आठवड्यात त्यांनी आणखी एक अर्ज भरला. तो होता दहावीला बाहेरून बसण्याचा, सतरा नंबरचा. मार्च २०२० मध्ये ते परीक्षेला बसले. साथीमुळे त्या वर्षी भूगोलाचा पेपर रद्द झाला. नेमका परदेश पाहून आल्यावरच भूगोल गेला, असे ते अजून सांगतात. गणित सुटले.

पासपोर्ट स्पीड पोस्टाने येतो. सासूबाईंचा आला तेव्हा घरी त्या आणि मी अशा दोघीच होतो. त्यांनी देवघरापुढे ठेवून मग तो उघडला. आतली माहिती इंग्रजी अक्षरांत असते. ती त्यांना वाचता येत नाही. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूचा मजकूर मात्र हिंदीतही आहे. चौथीच्या वाचनावर, बोट धरून, त्यांनी तो सगळा वाचला. भारताच्या राष्ट्रपतींच्या नावाने संबंधित सर्वांना विनंती आहे की, या व्यक्तीला अडथळा न आणता जाऊ द्यावे आणि तिला लागेल ते साहाय्य व संरक्षण द्यावे, अशा आशयाचा तो मजकूर. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "ही विनंती माझ्यासाठी?"

"हो, आत्या. पासपोर्ट तुमचा म्हणजे तुमच्यासाठीच."

संध्याकाळी मुलाने त्यांना शेवटचे पान वाचून दाखवले. वडिलांचे नाव, आईचे नाव, पतीचे नाव, पत्ता. आईच्या नावापाशी त्यांनी त्याला थांबवले आणि पुन्हा वाचायला सांगितले. शाळेच्या रजिस्टरात त्यांच्या आईचे नाव नव्हते. शिधापत्रिकेवर नव्हते, हक्कसोडपत्रावर नव्हते, मतदारयादीत असण्याचे तर कारणच नव्हते. लेकीच्या नावाच्या कागदावर ती पहिल्यांदाच आली होती. दुबईत आम्ही उंच इमारत पाहिली, वाळूत गाडीतून फिरलो, समुद्रही पाहिला. सासूबाईंना ते सारे आवडले. पण घरी आलेल्या पाहुण्यांना त्या फोटो दाखवण्याआधी ते शेवटचे पान दाखवत.

नियम बदलत राहतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे, मग वडिलांचे नाव लावण्याचे महाराष्ट्र शासनाने ठरवले आहे. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना पासपोर्टसाठी जन्माचा दाखलाच लागेल, असा नियम २०२५ मध्ये झाला. पुढच्या पिढीला गुरुजींनी ठरवलेली १ जूनची तारीख असणार नाही, आणि कोणत्याही घरात आईचे नाव शोधावे लागणार नाही. मागच्या पिढीचे कागद मात्र अजून आपल्या कपाटांत आहेत. परदेशी जायचे नसले, तरी एखाद्या सुट्टीच्या दिवशी ते बाहेर काढा. घरातील सर्वांत वडील स्त्रीला शेजारी बसवा आणि अर्जातले ते दोन प्रश्न तिला विचारा: तुम्हाला आणखी कोणत्या नावाने ओळखत? नाव कधी बदलले? उत्तर 'होय' किंवा 'नाही' एवढ्यावर थांबणार नाही. ते लिहून घ्या.

मामा २०२१ मध्ये गेले. माहेरच्या नावाने हाक मारणारे तेवढेच होते. राजपत्राची ती प्रत आम्ही पासपोर्टसोबत एकाच पाकिटात ठेवली आहे. मुलगा कधी कधी स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहून आजीला त्या नदीच्या नावाने हाक मारतो, आणि त्या आतून 'ओ' देतात.